फेबियनच्या पेटीतले तीन ठोके

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला खोटी वाटेल त्याने गासला यावं, सिमेट्रीत डाव्या भिंतीकडची कबर बघावी आणि मग माझ्यापुढे तोंड उघडावं.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. अमावस्या लागते, पिंपळ लागतो. इथे त्यातलं काहीच नाही. जे झालं ते दुपारी झालं. तीनच्या सुमाराला, अंगणात अनवाणी पाय ठेवला तर चटका बसेल अशा उन्हात.

साल चौऱ्याऐंशी. एप्रिल महिना. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला आमचं गास. तेव्हा तिथे इमारती नव्हत्या. केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, विहिरी आणि मध्ये मध्ये घरं.

त्यातल्या एका घरात माझी थोरली बहीण मटिल्डा राहायची. घडलं ते तिच्या घरात. तिने ते मला एकदाच सांगितलं, केळीची पानं पुसत, आवाज न चढवता. मटिल्डा आयुष्यात भांडली खूप, पण माझ्याशी खोटं बोलली नाही.

तिला एक दीर होता. फेबियन.

मटिल्डा सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हा फेबियन पाच वर्षांचा होता आणि त्याची आई जाऊन तीन महिने झाले होते. तिसऱ्या दिवशी तो तिचा पदर धरून मागे मागे फिरायला लागला. तिनेच त्याला भरवलं, तिनेच निजवलं, तिनेच बदडलं. पुढे तिला स्वतःची मुलं झाली, नवरा गेला, सून आली. फेबियन सेहेचाळीस वर्षांचा बाप्या झाला तरी तिला पदर धरणाराच दिसायचा.

लग्न त्याने केलं नाही. वेळ कुठे होता?

सकाळी बागेला पाणी सोडायचं आणि सायकल काढायची. रुळांपलीकडे पार चांदीप, चिंचोटीपर्यंत जायचा. कोणाला साप चावला, कॅरिअरवर बसवून दवाखान्यात. कोणाचं रेशनकार्ड अडलं, हा कचेरीच्या दारात बसून. बायकांना सही करायला शिकवायचा. घरचा केळीचा घड कोणी कापून नेला तर मात्र याला आठवड्याने पत्ता.

"अख्ख्या तालुक्याचा तू काका," मटिल्डा म्हणायची. "तुझ्या केळींना कोण आहे?"

"तू आहेस ना, वहिनी," तो म्हणायचा आणि व्हायोलिनची पेटी कॅरिअरला बांधायचा.

ती काळी पेटी त्याच्याबरोबर सगळीकडे. आत व्हायोलिन, गज, गजाला घासायचा राळेचा खडा आणि उरलेल्या जागेत तापाच्या गोळ्या. रविवारी चर्चच्या गायनमंडळात वाजवायचा. पण त्याचं खरं वाजवणं मयताला. श्रीमंताच्या मयताला बँड यायचा. ज्यांच्याकडे बँड यायचा नाही त्यांच्याकडे फेबियन जायचा. ख्रिस्ती असो, हिंदू असो. कबरीपर्यंत नाहीतर स्मशानापर्यंत पुढे चालत वाजवायचा.

"ह्यांच्यापुढे दुसरं कोण वाजवणार?" एवढंच म्हणायचा.

त्या वर्षी आज्ञा गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, तो दुपारी तीनला चांदीपहून परत आला. सायकल विहिरीला टेकवली.

"वहिनी, पाणी दे गं."

मटिल्डा पडवीत पानांच्या जुड्या बांधत होती. "कळशी तिथंच आहे. हात मोडले का तुझे?"

तिने हातातली जुडी आवळली.

जुडी बांधून झाल्यावर ती तांब्या घेऊन गेली. फेबियन विहिरीच्या कठड्यावर बसला होता. मांडीवर पेटी. पेटीवर डोकं.

झोपला वाटतं, तिला वाटलं. तिने तांब्या त्याच्याजवळ ठेवला.

मग तिने त्याचा हात बघितला.

डॉक्टर येईपर्यंत साडेसहा झाले. म्हणाले, हृदय. चर्चमध्ये तोवर शेवटची घंटा वाजून गेली होती.

ज्यांना आमचा रिवाज ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आज्ञा गुरुवारच्या संध्याकाळी घंटा वाजते ती शेवटची. मग शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा मुकी, वाद्यं मुकी. घंटेच्या जागी लाकडाचं खटखटं फिरवतात. फळीवर लाकडी हातोडी आपटते. त्या दिवसांत मयत पुरायला हरकत नसते. पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, होत नाही. गाणं नाही, वाजवणं नाही, मेल्याची घंटा नाही.

घंटा नाही म्हणजे गावोगावी निरोपही नाही. आमच्याकडे मयत घंटेवरून कळायचं.

त्या संध्याकाळी व्हॅलेरियन धावत आला. व्हॅलेरियन गायनमंडळात क्लॅरिनेट वाजवायचा, फेबियनचा शाळेपासूनचा दोस्त.

"वहिनी, फादरांशी बोललो," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत थांबलात तर पूर्ण मिस्सा, अख्खं गायनमंडळ. अर्नाळ्याहून बर्फ आणतो, मच्छीवाल्या टेम्पोला सांगितलंय. पूर्वेकडच्या लोकांनाही कळेल. वहिनी, याने एवढी मयतं वाजवत नेली. याला मुक्याने न्यायचं?"

मटिल्डा उशाशी बसून माश्या वारत होती. तिने व्हॅलेरियनकडे बघितलं. ती हो म्हणणार होती. तिने मला सांगितलंय, ती हो म्हणणार होती.

तेवढ्यात बायकांमधून कोणीतरी बोललं, "बर्फात ठेवायला तो काय पापलेट आहे?"

दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. मयताच्या घरात हसू येतं कधी कधी, आवरत नाही.

मटिल्डाचा चेहरा घट्ट झाला. तिच्या घराला कोणी हसलेलं तिने कधी खपवून घेतलं नाही.

"उद्या सकाळी नेऊया," ती म्हणाली. "माझ्या घरात माणूस शिळा होत नाही."

शुक्रवारी सकाळी दहाच्या आत सगळं उरकलं. पुढे लाकडाचं खटखटं घेतलेला माणूस. खट… खट… खट… मागे तीसेक लोक. पावलांचा आवाज, खोकल्याचा आवाज, आणि ते लाकूड. चांदीपचं एक माणूस नव्हतं. कोणाला कळलंच नव्हतं.

मटिल्डा रडली नाही. घरी आली, अंगण झाडलं, कोंबड्यांना दाणे टाकले.

आत कुठे काही हललं नाही, असं ती म्हणाली. झोपलेल्या पायावर चिमटा काढावा तसं.

पहिली गोष्ट रविवारी झाली.

ईस्टरची सकाळ. सुतकाचं घर म्हणून मटिल्डा चर्चला गेली नव्हती. सून पॉलिन परत आली. पॉलिनला तेव्हा दुसरा महिना होता.

"आई, घंटा किती वाजली हो! वाजवणाऱ्याचे हात दुखले असतील. ऐकलीत ना?"

मटिल्डा चुलीकडे वळली. चर्च घरापासून हाकेवर. तिने काहीच ऐकलं नव्हतं.

बारा वाजता ती चुलीपाशी उभी होती. दारातून पॉलिन दिसत होती. अंगणात वाळवण सारता सारता पॉलिन थांबली, मान खाली घातली, क्रूसाची खूण केली. बाराच्या घंटेला करतात तशी.

पण घंटा…

मटिल्डा दारापाशी गेली. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

घंटा घणघणत होती.

पाय आत घेतला.

काही नाही.

पुन्हा बाहेर. घंटा. पुन्हा आत. चुलीतलं लाकूड तडतडत होतं, कोंबडी फडफडत होती, सगळं ऐकू येत होतं. फक्त घंटा नाही.

संध्याकाळी पॉलिनने ट्रान्झिस्टर लावला, हळू आवाजात, बातम्यांपुरता. बातम्या नीट आल्या. नंतर बाई म्हणाली, आता ऐका भक्तिगीत…

आणि ट्रान्झिस्टर गप्प झाला.

पॉलिनने थापटला. कान लावला. तीन-चार मिनिटांनी बाई पुन्हा बोलायला लागली, हे गीत आपण ऐकलंत.

सोपाऱ्याच्या दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला. म्हणाला, झकास चालतोय, उगाच घेऊन आलात. त्याच्या दुकानात गाणं लागलेलं होतं. त्याच ट्रान्झिस्टरवर.

मे महिन्यात फणसावर कोकीळ यायचा. मटिल्डा खिडकीतून बघायची. त्याची मान फुगायची. चोच उघडायची, मिटायची. उघडायची, मिटायची.

आवाज नाही.

घरात माणसांचं बोलणं यायचं, भांडण यायचं, रडणं यायचं. ज्याला सूर आहे ते काही यायचं नाही. एकट्या मटिल्डालाच नाही, पॉलिनलाही. मटिल्डाचा मुलगा आग्नेल मुंबईहून नोकरीवरून यायचा, वाटेत शीळ घालत. उंबरा ओलांडला की शीळ तुटायची. ओठ तसेच असायचे.

"हे काय होतंय, आई?" त्याने विचारलं.

"कान साफ कर," मटिल्डा म्हणाली.

आणि मग ठोके.

फेबियनची पेटी आतल्या खोलीत कपाटावर ठेवली होती. पुरल्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मटिल्डा तिथे चटईवर पडली होती. घड्याळात तीन वाजले.

खट…

खट…

खट…

लाकडावर लाकूड.

ती उठून बसली. तिला वाटलं, ते खटखटं. शुक्रवारी त्याच्यापुढे वाजलं ते. उंदीर असेल म्हणून तिने कपाटामागे काठी घातली. उंदीर नव्हता.

जरा वेळाने पुन्हा. तीन ठोके. मग गप्प. जणू कोणी उत्तराची वाट बघतंय. मग पुन्हा तीन.

पेटीतून.

दहा मिनिटं चाललं असेल. मग थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वाजता.

आठ दिवस तिने काढले. नवव्या दिवशी पेटी उचलली आणि व्हॅलेरियनच्या दारात नेऊन ठेवली. "तुझ्याकडे असू दे. त्याला आवडलं असतं."

व्हॅलेरियनचे डोळे भरून आले. दोन दिवसांनी तोच पेटी घेऊन परत आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. पडवीच्या कठड्यावर ठेवली आणि तिथूनच बोलला.

"वहिनी, तारा ठीक आहेत. गज ठीक आहे. पण वाजत नाही."

"म्हणजे?"

"गज फिरतो. तार हलताना दिसते. आवाज…" त्याने मान हलवली. "माझी क्लॅरिनेटपण बंद पडली, ही पेटी घरात असेपर्यंत. आणि दुपारी तीन वाजता…"

"ठाऊक आहे," मटिल्डा म्हणाली. "चहा घेणार?"

तो चहाला थांबला नाही.

मेच्या शेवटी चांदीपहून धोंडूबाई आली. डोक्यावर करवंदांची पाटी. सरळ पडवीत येऊन हाक मारली, "फेबियनभाऊ! ओ भाऊ! महिना झाला, आलाच नाय?"

मटिल्डाने तिला पाणी दिलं आणि सांगितलं.

धोंडूबाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाय, आमाला सांगाया कोनी आलं नाय."

"घंटा बंद होत्या."

"तुमच्या घंटा बंद. मानसांचे पाय पन बंद?" तिने डोळे पुसले. "माजा ल्योक धर्मा गेला तवा भाऊ उघड्या पायानं चालला मसनापोत. भाऊच्या फुडं कोन वाजवलं, बाय?"

मटिल्डा करवंदं सुपात ओतत होती. "कोणी नाही."

"कोन म्हनलं तरी का नाय?"

"काय म्हणायचं?"

"गानं." धोंडूबाईने तिच्याकडे असं बघितलं, जणू मटिल्डाच चांदीपची आणि तीच घरची. "तुमाला म्हाईत नाय? भाऊ आधी वाजवायचा नाय. पेटी खाली ठेवायची. गजाच्या काठीनं झाकनावर तीनदा ठोकायचं, खट खट खट. आनि आमच्याकडं बघायचं. आमी म्हनायचं पयलं. घरच्यांनी. येईल तसं, भसाडं म्हना, रडून म्हना. मंगच तो वाजवायचा. नाय म्हनलं तर पुन्ना ठोकायचा. म्हनायचा, सुरुवात घरची लागते, मी नुस्ता मागं येनारा."

सुपातली करवंदं घरंगळली. मटिल्डाने ती एक एक करून उचलली.

म्हणजे ते खटखटं नव्हतं.

तो सांगत होता, म्हणा.

तुम्हाला वाटेल, तिने लगेच गाणं म्हटलं असेल आणि गोष्ट संपली. नाही. तिने म्हटलं नाही. दहा महिने म्हटलं नाही.

का, ते तिने मला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. घरच्यांनी म्हटलं की तो वाजवणार. वाजवून झालं की तो जाणार. आयुष्यभर तो तसंच करत आला. पोचवलं की सायकल काढायची.

आता कुठे तो रोज घरात थांबत होता. तीन वाजता.

म्हणून ती रोज पावणेतीनला कामं आवरायची, खोलीचं दार ओढून घ्यायची आणि चटईवर बसायची. खट… खट… खट… ती ऐकायची. उत्तर द्यायची नाही. त्याने पाणी मागितलं होतं तेव्हा उठली नव्हती. आता तो काहीतरी मागत होता आणि ती पुन्हा उठत नव्हती. हे तिला कळत होतं. कळून काही होत नव्हतं.

नोव्हेंबरात पॉलिनला मुलगी झाली. नाव लूर्डस ठेवलं.

पॉलिन तिला पाळण्यात घालून अंगाई म्हणायची. ओठ हलायचे, पाळणा हलायचा. घर गप्प. पोर डोळे उघडे ठेवून छताकडे बघायची. खुळखुळा हलवला तर आत मणी फिरताना दिसायचे. अंगणात नेली की चिमणीच्या आवाजालाही मान वळवायची. आत आणली की दगड.

मार्चमध्ये पॉलिनने तोंड उघडलं. ती काही गरीब गाय नव्हती. माझ्या बहिणीच्या घरात गरीब गाय टिकलीच नसती.

"आई, तुम्ही दुपारी आत काय करता ते मला ठाऊक आहे."

"झोपते."

मटिल्डाचं ते पहिलं खोटं. आणि शेवटचं.

"काकांना अडवून बसलाय तुम्ही," पॉलिन म्हणाली. "बसा. पण माझ्या पोरीला पाचवा महिना लागलाय. तिने अजून या घरात आईचं गाणं ऐकलं नाही. ईस्टर झाला की मी माहेरी जाणार. परत येणार नाही. आग्नेलला यायचं तर येईल."

मटिल्डा म्हणाली, "जा."

पॅशनची, म्हणजे येशूच्या दुःखाची, प्रार्थना आमच्याकडे गुड फ्रायडेला तीनला सुरू होते. पंच्याऐंशी सालच्या त्या शुक्रवारी अख्खं गाव चर्चमध्ये. रस्त्यावर कुत्रं नाही. घरात मटिल्डा, पाळण्यात लूर्डस, आणि पॉलिन ट्रंक भरत बसलेली.

अडीच वाजता धोंडूबाई आली. करवंदं अजून पिकली नव्हती, म्हणून झेंडूची फुलं आणली होती.

"वरीस झालं म्हनून आले," ती म्हणाली. "तुमचा उपासाचा शुक्रवार ध्यानात ठेवला होता."

मटिल्डाने तिला बाहेर बसवलं नाही. हात धरून आतल्या खोलीत नेलं. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

तीन वाजले.

खट… खट… खट…

धोंडूबाईच्या हातातली फुलं खाली पडली. पण ती पळाली नाही. तिने पेटीला हात जोडले. मग तोंड उघडून म्हणायला लागली, तिच्या गावात मयताला म्हणतात ते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

आवाज नाही.

"बाय," ती घाबरून म्हणाली, "माजा गळा!"

"तुझा गळा ठीक आहे."

खट… खट… खट…

"मंग तुमी म्हना. घरचं मानूस तुमी."

"आज? गुड फ्रायडेला?" मटिल्डा म्हणाली. "गाव काय म्हणेल?"

धोंडूबाईने पडलेली फुलं उचलली. "बाय, गाव काय म्हनंल म्हनूनच झालं ना ह्ये?"

दारात पॉलिन उभी होती, पोर कडेवर.

खट… खट…

तिसरा ठोका आला नाही.

मटिल्डा म्हणाली, सगळ्या वर्षात तेव्हा एकदाच तिला भीती वाटली. दोनच ठोके. म्हणजे हात थकला असेल. म्हणजे तो आता मागायचंसुद्धा बंद करेल, आणि जाणारही नाही. नुसता असेल. तहानलेला. विहिरीच्या कठड्यावर.

ती उभी राहिली. तिला एकच गाणं येत होतं. कोणी शिकवलेलं नव्हतं. सतरा वर्षांची असताना, दुसऱ्याचं पोर निजत नाही म्हणून तिनेच जुळवलेलं.

तिने तोंड उघडलं.

पहिली ओळ गेली. गळ्यात कंप जाणवला, कानाला काही नाही. पुन्हा पहिली ओळ. काही नाही. तिसऱ्यांदा… कुठूनतरी भसाडं, जुन्या दाराच्या बिजागरीसारखं काहीतरी निघालं.

नीज नीज बाळा, केळीच्या पानात,
वारा निजला बघ वेलीच्या कानात.

सूर घरात होता. एका वर्षात पहिला.

ती म्हणत राहिली. दोनच ओळी, पुन्हा पुन्हा. गालावरून पाणी वाहत होतं ते तिला कळलं नाही, पॉलिनने नंतर सांगितलं.

आणि मग बंद पेटीतून…

मागून. हळूच. तिच्या चुकलेल्या तालाला सांभाळून घेत.

व्हायोलिन.

पॉलिनच्या कडेवर लूर्डसने मान वळवली. पेटीकडे.

किती वेळ चाललं, कोणालाच सांगता आलं नाही. मटिल्डाचा आवाज बसला तेव्हा व्हायोलिनने शेवटची ओळ एकट्याने पुरी केली. मग अंगणात विहिरीकडे सायकलचा स्टँड काढल्यासारखा खणकन आवाज झाला.

पॉलिन धावत बाहेर गेली. फेबियनची सायकल वर्षभर गोठ्यात होती, दोन्ही टायर बसलेली. ती गोठ्यातच होती.

त्यांनी पेटी उघडली. व्हायोलिनवर धूळ साचलेली. पण तारांवर राळेची पांढरी भुकटी होती. ताजी. बोटाला लागली.

पॉलिनने ट्रंक रिकामी केली. सोमवारी फेबियनच्या नावाने मिस्सा झाला, अख्ख्या गायनमंडळासकट. चांदीपहून, चिंचोटीहून टेम्पो भरून माणसं आली. ज्या बायकांना त्याने सही करायला शिकवलं होतं त्यांनी चर्चच्या वहीत सह्या केल्या. मटिल्डाने व्हायोलिन पेटीसकट गायनमंडळाला देऊन टाकलं. व्हॅलेरियनने ते वाजवून बघितलं. वाजलं.

तीन वाजता ती पुढेही त्या खोलीत बसायची. सवयीने. काही ऐकू यायचं नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली असती तर मी सांगतही बसले नसते.

मटिल्डा एकोणनव्वदच्या जानेवारीत गेली. घंटा वाजली, मिस्सा झाला. कबरीपाशी अख्खं गायनमंडळ उभं होतं. मी पहिल्या रांगेत, शवपेटीच्या उशाशी. व्हॅलेरियनने क्लॅरिनेट ओठाला लावली.

आणि त्याने वाजवायच्या आत…

खट… खट… खट…

मी वळून बघितलं. त्याचे दोन्ही हात क्लॅरिनेटवर होते. बाकी कोणी दचकलं नाही. कोणी ऐकलंच नव्हतं.

मग सगळ्यांची तोंडं उघडली. व्हॅलेरियनचे गाल फुगले. शेजारी पॉलिन हुंदके देत म्हणत होती. छोटी लूर्डस मान वर करून म्हणत होती.

मला काही ऐकू आलं नाही.

फादरांचं बोलणं ऐकू आलं. मातीची ढेकळं पडली ती ऐकू आली. गाणं नाही. डॉक्टरांना कान दाखवले. म्हणाले, तुमच्या वयाला एवढे चांगले कान मी बघितले नाहीत.

चर्चची घंटा मी तेव्हापासून ऐकलेली नाही. घरात नाही, अंगणात नाही. कुठेच नाही.

आता एक सांगायचं राहिलंय. ते मी फादरांनाही सांगितलेलं नाही.

त्या गुरुवारी बायकांमधून जे बोललं गेलं, बर्फाचं आणि पापलेटाचं… ते मी बोलले होते. माझी जीभ लहानपणापासून अशीच. लोक हसले, मला बरं वाटलं.

मटिल्डाने आवाज ओळखला नसेल असं होणार नाही. पण तिने मरेपर्यंत विचारलं नाही. गोष्ट सांगतानाही म्हणाली, "कोणीतरी बोललं." आणि पानं पुसत राहिली.

तिला एक गाणं तरी येत होतं. मी फेबियनला कधी निजवलं नाही. त्याच्यासाठी म्हणायला माझ्याकडे काही नाही.

रोज तीन वाजता मी भांडी घासायला काढते. स्वच्छ असली तरी काढते. जोरात आपटते.

सून म्हणते, "आई, कोणावर राग काढता?"

राग नाही गं बाई.

मध्येच हात थांबला तर ते तीन ठोके…